‘फीटस’ आणि ‘जनीन’

नांदेड वा लातूरला सोनोग्राफी करून आल्यावर अहवालावरील ‘फीटस’ हा शब्द आपण वाचला असेल. तो एखाद्या वस्तूचे नाव वाटतो. परंतु मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अपत्य असाच आहे. गर्भधारणेनंतर सुमारे आठ आठवडे डॉक्टर ‘एम्ब्रियो’, म्हणजे भ्रूण, म्हणतात. पुढे जन्मापर्यंत ‘फीटस’, म्हणजे गर्भ. बोलताना मात्र आपण दोहोंना भ्रूणच म्हणतो.

अरबीत ‘जनीन’ म्हणजे दृष्टीआड असलेला. जन्नत हा शब्दही त्याच धातूचा. सूरह अन-नज्ममध्ये (५३:३२) त्याचे अनेकवचन आले आहे. आपण मातांच्या उदरात असतानाही अल्लाह तआला आपणांस जाणून होता, हा तेथील आशय.

फिकहमध्ये जनीन हा वारसही आहे. पती वारला आणि पत्नी गरोदर असेल, तर प्रसूतीपर्यंत वाटणी थांबवणे उत्तम. ते अशक्यच असेल, तर हनफी मतानुसार मुलगा किंवा मुलगी धरून जो हिस्सा मोठा येईल तो राखून ठेवावा. बाळ जिवंत जन्मले की त्याचा हक्क त्याला मिळतो. त्यासाठी सोनोग्राफीत लिंग विचारण्याची गरज नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. वारसांची यादी करताना विधवा सून गरोदर आहे काय, एवढे मात्र आधी विचारावे.