उंटांच्या जाती आणि त्यांचे मुलूख

'उंटावरून शेळ्या हाकणे' ही म्हण आपण सारे वापरतो. पण उंट जवळून किती जणांनी पाहिला आहे? विदर्भातल्या मंडळींनी पाहिला असेल. कच्छचे रबारी लोक मेंढ्या घेऊन तिकडे येतात. त्यांच्या खाटा, भांडी, लहान लेकरे, सारा संसार उंटाच्या पाठीवर असतो.

बैलाला जसे वशिंड, तशी उंटाला मदार. मदारीत पाणी साठते, असे पुष्कळांना वाटते. आम्हीही शाळेत मुलांना तसेच सांगत होतो. ती आमची चूक होती. मदारीत पाणी नसते, चरबी असते. चारा मिळाला नाही, की हीच चरबी उंटाच्या कामी येते.

उंटाच्या जाती तीन.

पहिली जात एका मदारीची. अरबस्तान, उत्तर आफ्रिका, राजस्थान आणि कच्छ हा तिचा मुलूख. हा उंट ऊन आणि तहान सोसतो. त्यातही प्रकार आहेत. बिकानेरी उंट गाडा ओढतो. जैसलमेरी उंट चालायला चपळ, म्हणून तो स्वारीला बरा. कच्छचा खाराई उंट तर समुद्राच्या खाडीत पोहतो! पोहत तो बेटांवर जातो आणि तिथली तिवराची झाडे खातो.

दुसरी जात दोन मदारींची. ती थंड मुलखातली. मंगोलिया, चीन आणि मध्य आशियात हे उंट पाळतात. हिवाळ्यात त्यांच्या अंगावर दाट लोकर येते, उन्हाळ्यात ती गळते. आपल्या देशात लडाखच्या नुब्रा खोऱ्यात हे उंट आहेत. पूर्वी यारकंदचे व्यापारी त्यांच्यावर माल लादून डोंगर ओलांडून येत. पुढे तो व्यापार बंद पडला. उंट मात्र मागे राहिले.

तिसरी जात रानटी. तिलाही दोन मदारी असतात. पण पाळीव उंट सुटून रानटी झाला, असे समजू नका. ही जातच निराळी. चीन आणि मंगोलियाच्या वाळवंटांत असे उंट हजाराच्या आसपासच उरले आहेत.

आता एक काळजीची गोष्ट सांगतो. आपल्या देशात २०१२ साली सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ च्या गणतीत ते अडीच लाखच भरले. असे का झाले? ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या, उंटाचे काम गेले. चराईची राने कमी झाली. तिवरे तुटली, तिथे खाराई उंटाचा घासच गेला.

वाळवंट सोसणारा, बर्फ सोसणारा, समुद्रात पोहणारा असा हा प्राणी. पण चरायला रान नसेल, तर तो तरी काय करणार? आपल्या गावच्या गायरानाकडे पाहा, म्हणजे ही गोष्ट लगेच पटेल.

प्रश्न :
१. मदारीत काय असते?
२. खाराई उंट काय खातो?
३. तुमच्या गावात पूर्वी गायरान किती होते? आज किती आहे? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.