डॅन्यूबच्या काठाने, वाहनांपासून दूर

प्रश्न : मुलाकडे म्युनिकला जाणार आहोत. दोघेही साठीतले. वाहनांच्या वर्दळीशिवाय नदीकाठाने चार-सहा दिवस सायकल चालवता येईल का?

उत्तर : नक्की येईल. म्युनिकहून रेल्वेने पासाऊला जा आणि डॅन्यूबच्या काठाने व्हिएन्नाकडे निघा. अंतर सुमारे 320 किलोमीटर. रस्ता डांबरी, बहुतेक सपाट आणि बराचसा फक्त सायकलींसाठी. अधूनमधून गावातला शांत रस्ता लागतो. पूर्वी प्रवाहाविरुद्ध होड्या ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, तिचेच काही भाग आज सायकलवाट झाले आहेत. उलट दिशेने मात्र येऊ नका. इथला वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, तो पाठीशीच हवा.

श्ल्योगेनला नदी जवळजवळ मागे वळते. तिथे घाई करू नका, टेकडीवर चढून ते वळण पाहाच. मेल्क ते क्रेम्स हे वाखाउ खोरे, द्राक्षमळ्यांचे आणि जर्दाळूंचे. 2000 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. इथे दक्षिण काठ धरा, तो अधिक निवांत आहे. ड्यूर्नश्टाइन गाव पाहायला सायकलीसकट तरीने पलीकडे जाता येते. हिवाळ्यात अशा बऱ्याच तरी बंद असतात, म्हणून मे किंवा सप्टेंबर निवडा. थकलात तर सायकली घेऊन रेल्वेत बसा, त्यात कमीपणा नाही.