लाकडी संगणक-पेटी : हवा, अर्थिंग आणि रंग

संगणकाची पेटी पत्र्याचीच असावी असा दंडक नाही. १९७६ साली अमेरिकेत स्टीव्ह वॉझनियॅक यांनी रचलेला ‘अॅपल-१’ विक्रीस आला तो केवळ मदरबोर्डच्या रूपात. पेटी ज्याची त्याने करून घ्यावयाची होती. काहींनी ती लाकडाची केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात लाकडी पेटीतील असा एक अॅपल-१ जतन केलेला आहे.

माझ्या दवाखान्याच्या स्वागतकक्षातील संगणकासाठी अशी पेटी मी स्वतः तयार केली. ती ज्या उंचीवर आहे, तेथे नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या मुलांचे हातच नव्हे, तर तोंडही पोहोचते. त्यामुळे सुतारकाम हा छंद असला, तरी रंगाची निवड हा बालवैद्यकाचाच प्रश्न ठरतो. हे काम करू इच्छिणाऱ्या व्यवसायबंधूंसाठी तीन मुद्दे क्रमाने मांडतो.

हवा : अखंड लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, कोरड्या दिवसांत आकसते आणि सांधे उकलतात. प्लायवूडचे थर एकमेकांवर काटकोनात चिकटविलेले असल्याने ते फारसे हलत नाही. म्हणून मी १२ मिलीमीटर जाडीचे प्लायवूड घेतले. मदरबोर्ड १७ सेंटिमीटर चौरस, ‘मिनी आयटीएक्स’ मापाचा आहे. पोलादाच्या तुलनेत लाकूड शेकडो पटींनी कमी उष्णता वाहते, हे खरे. परंतु पत्र्याच्या पेटीतूनही उष्णता मुख्यतः हवेच्या झोताबरोबरच बाहेर पडते. तेव्हा थंड हवा पुढच्या बाजूने खालून आत यावी आणि तापलेली हवा मागच्या बाजूने वरून बाहेर जावी, असा मोकळा मार्ग ठेवावा. मी मागे १२ सेंटिमीटरचा पंखा बसविला. झरोक्याची छिद्रे मात्र ४ मिलीमीटरचीच ठेवली. बालकाचे बोट आत जाता कामा नये.

अर्थिंग : पत्र्याची पेटी पॉवर सप्लायमार्फत आपोआप अर्थिंगशी जोडली जाते; लाकडी पेटीत ती सोय नसते. म्हणून मदरबोर्ड व पॉवर सप्लाय एकाच, रंग न दिलेल्या धातूच्या पत्र्यावर स्क्रूंनी बसवावेत. मग प्लग काढून, त्याची जाड पिन व हा पत्रा यांची जोडणी अखंड आहे ना, हे मल्टिमीटरने पाहावे. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नये; प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

रंग : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. पोटात गेलेले शिसे बालकाच्या शरीरात प्रौढाच्या चार ते पाच पट शोषले जाते. लोहाची कमतरता असल्यास हे शोषण आणखी वाढते. आणि दिसेल ते चाटण्याची, माती खाण्याची सवय बहुधा अशाच मुलांत आढळते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरविली. १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. डब्यावरील हा उल्लेख वाचूनच रंग घ्यावा. माळ्यावरचा जुना तेलरंग, विशेषतः भडक पिवळा वा लाल, वापरू नये. जुन्या रंगीत फळीवर कोरडा पॉलिश पेपर घासू नये. ती धूळ जमिनीवर बसते व रांगत्या मुलाच्या हातावाटे पोटात जाते.

आपल्या बडोद्याजवळच्या संखेड्याचे कारागीर सागवानावर लाखेचा साज चढवितात. औषधी गोळ्यांच्या आवरणातही लाख वापरली जाते, हे आपण जाणताच. पेटीलाही तीच द्यावी असे सहज वाटेल. परंतु लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि दवाखान्यात स्पिरिटचा बोळा सर्वत्र फिरतो. म्हणून मी आतून लाखेचे पॉलिश आणि बाहेरून पाण्यात मिसळणारा पीयू रंग दिला : प्रथम लांबी, मग अस्तर, त्यावर पातळ तीन हात. वास पूर्ण जाईपर्यंत पेटी मोकळ्या हवेत ठेवली.

हीच कसोटी पाळणा, खेळणे, खिडकीची चौकट यांनाही लागू आहे. बालकाची वाढ वा बोलणे मागे पडल्याची तक्रार घेऊन पालक आले, तर ‘घरात अलीकडे जुना रंग खरवडला होता का?’ हा एक प्रश्न आपण सर्वांनी अवश्य विचारावा.