नाडी लागत नाहीं, तरी मनुष्य जिवंत

मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं हें पाहावयाचें झाल्यास त्याची नाडी पाहावी, हें आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक असतें. प्रथमोपचाराच्या वर्गांतही मनगटावर तीन बोटें ठेवून ठोके मोजावयास शिकवितात. परंतु आज जगांत असे हजारों लोक आहेत कीं, त्यांच्या मनगटावर बोटें ठेवलीं असतां बहुधा कांहींच लागत नाहीं. आणि तरीही ते चालतात, बोलतात, पोटभर जेवतात, नातवंडांस गोष्टी सांगतात. त्यांच्या छातींत, हृदयास लागून, विजेवर चालणारा एक लहानसा पंप शल्यविशारदांनीं बसविलेला असतो. असा मनुष्य एखादे दिवशीं रस्त्यांत बेशुद्ध पडला, आणि शिकलेल्या पाठाप्रमाणें आपल्यांतील कोणी त्याची नाडी पाहून ‘हा गेला’ असें ठरविलें, तर केवढा अनर्थ होईल! म्हणून हा पंप काय आहे आणि तो बसविलेल्या माणसाची जोपासना कशी करतात, हें येथें थोडें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपलें हृदय म्हणजे मुठीएवढा एक स्नायु. तो मिनिटास सुमारें ७० वेळां आकुंचन पावतो आणि तेवढ्या अवधींत सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतो. दिवसाचे ठोके एक लाखापर्यंत भरतात. रक्त शरीरांत सारखें फिरत असतें, ही गोष्ट विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं ग्रंथ लिहून जगापुढें मांडली. हृदयाचे चार कप्पे विद्यार्थ्यांनीं पुस्तकांत पाहिलेच आहेत. त्यांपैकीं डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यावर सर्वांत अधिक भार असतो, कारण डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत रक्त पोंचविण्याचें काम त्याचें आहे. हा कप्पा दुबळा झाला म्हणजे चार पावलें चालतांच धाप लागते, पायांवर सूज येते, उताणें निजवत नाहीं, आणि रोगी उशांस टेकून रात्र काढतो. पुष्कळ रोग्यांस औषधांनीं आराम पडतो. ज्यांस पडत नाहीं, त्यांचा प्रश्न कठीण.

अशा रोग्यास मृत मनुष्याचें हृदय बसवावें, हा एक उपाय. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन येथें ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, आपल्या मुंबईंतील के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं ती भारतांत प्रथम केली. तो रोगी कांहीं तासच जगला. परंतु त्या काळीं असें धाडस करणारीं रुग्णालयें जगांत बोटांवर मोजण्याइतकींच होतीं, हें विसरतां येत नाहीं. पुढें १९९४ सालीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांस या कामीं यश आलें. तथापि दिलेलें हृदय मिळावयाचें म्हणजे दुसऱ्या एका घरावर दुःख कोसळलें पाहिजे, आणि त्या दुःखांतही त्या घरच्या माणसांनीं संमति दिली पाहिजे. अशीं हृदयें थोडीं आणि वाट पाहणारे फार. ती वाट पाहतांना रोगी जगावा, किंवा ज्यास दुसरें हृदय बसवितांच येत नाहीं त्यानें त्यावांचूनही जगावें, यासाठीं पंपाची कल्पना निघाली.

आमच्या वडील वाचकांनीं विहिरीवरची मोट पाहिलेली असेल. मोट वर येते, पाणी भळकन् थारोळ्यांत पडतें, मग मोट खालीं जाते आणि पाटाचें पाणी क्षणभर संथ होतें. हृदयाचें काम असेंच मोटेसारखें आहे, आणि मनगटावर आपण जो ठोका मोजतों तो त्या भळकन् पडणाऱ्या पाण्याचाच धक्का होय. पंप करणाऱ्यांनीं प्रथम मोटेचेंच अनुकरण केलें. १९६६ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें डॉ. मायकेल डिबेकी यांनीं एका स्त्रीच्या हृदयास असा पंप कांहीं दिवस जोडला, आणि तिचें स्वतःचें हृदय सांवरल्यावर तो काढून घेतला. १९८२ सालीं यूटा विद्यापीठांत बार्नी क्लार्क यांस तर संपूर्ण कृत्रिम हृदयच बसविलें. ते ११२ दिवस जगले. परंतु हवा पुरविणाऱ्या भल्या मोठ्या यंत्रास ते अखेरपर्यंत नळ्यांनीं बांधलेले होते. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, केवळ औषधांवर ठेवलेल्या अत्यवस्थ रोग्यांपैकीं शेंकडा २५ वर्षभर जगले, तर मोटेच्या जातीचा पंप बसविलेल्यांपैकीं शेंकडा ५२ जगले. मात्र त्या पंपाचे हलणारे भाग दोनएक वर्षांत झिजून जात.

तेव्हां शास्त्रज्ञांनीं निराळा प्रश्न विचारला: रक्त धक्क्याधक्क्यानेंच गेलें पाहिजे असें कोठें आहे? आज विहिरीवर मोट नाहीं, विजेचा पंप आहे, आणि पाणी अखंड धारेनें येतें. पीक काहीं त्यावांचून अडलें नाहीं. हाच न्याय हृदयास लावला. २००८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेला हार्टमेट दोन आणि २०१७ सालीं मान्यता मिळालेला हार्टमेट तीन, हे दोन्ही अखंड धारेचे पंप आहेत. यांतील दुसऱ्याचें वजन सुमारें २०० ग्रॅम. त्याचें आंतील चक्र चुंबकशक्तीनें अधांतरीं तोललेलें असतें. तें कशासही न घांसतां मिनिटास पांच-सहा हजार फेरे घेतें, डाव्या कप्प्यांतील रक्त ओढतें आणि एका नळीनें महारोहिणींत सोडतें. मूळचें हृदय काढून टाकीत नाहींत. तें आपल्या परीनें हालत असतें, म्हणून कोणाकोणाची नाडी क्षीण लागते. पण पुष्कळांची मुळींच लागत नाहीं. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनीं जुलै २०१० पासून मार्च २०१२ पर्यंत असे वीस महिने पंपावर काढले आणि नंतर त्यांस दुसरें हृदय मिळालें. हार्टमेट तीन बसविलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक रोगी पांच वर्षें जगतात, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. किंमत मात्र अशी आहे कीं सामान्य गृहस्थाची छाती दडपावी.

यंत्राची हकीकत एवढी पुरे. आमच्या मतें या विषयांतील खरी मोठी गोष्ट याच्या पुढें आहे. शस्त्रक्रिया हें कांहीं तासांचें काम. परंतु त्यानंतरची जोपासना वर्षांनुवर्षांची असते, आणि ती शल्यविशारदाच्या हातीं नसून रोग्याच्या बायकोच्या, मुलाच्या, आईच्या हातीं असते. म्हणूनच रोग्यास घरीं सोडण्यापूर्वी रुग्णालयांत या माणसांस शिकवितात आणि त्यांची जणुं परीक्षाच घेतात; घरांतील विजेची जोडणी ठीक आहे कीं नाहीं, हेंही विचारून घेतात.

पहिला विचार विजेचा. पंपापासून एक वायर पोटाच्या त्वचेंतून बाहेर येते आणि कमरेस बांधलेल्या नियंत्रक पेटीस मिळते. त्या पेटीस दिवसा दोन बॅटऱ्या जोडतात. पुऱ्या भरलेल्या असल्यास ती जोडी सतरा तासांपर्यंत पुरते. रात्रीं पेटी घरच्या विजेवर लावतात, कारण निजलेल्या माणसास बॅटरी संपल्याची शिट्टी ऐकूं येईलच असें नाहीं. सर्वांत कडक नियम हा कीं, दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळीं कधींही काढावयाच्या नाहींत. एक बदलावी, ती घट्ट बसल्याची खात्री करावी, आणि मगच दुसरीस हात लावावा. हार्टमेट तीनच्या पेटींत आणीबाणीसाठीं पाव तास पुरेल इतकी वीज सांठविलेली असते. पण ती वापरण्याची पाळी येऊं नये हेंच बरें. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून भरलेल्या जादा बॅटऱ्या आणि दुसरी नियंत्रक पेटी एका पिशवींत घालून ती नेहमीं जवळ बाळगावी लागते. वाण्याच्या दुकानापर्यंत जावयाचें असलें तरी पिशवी बरोबर. हें ऐकावयास सोपें वाटतें. पण रोज, न कंटाळतां, वर्षेंच्या वर्षें पाळणें सोपें नाहीं.

दुसरा विचार त्या वायरीच्या वाटेचा. त्वचेस पडलेलें हें भोंक कायमचें उघडें दार आहे, आणि रोगजंतूंस तेवढें पुरतें. म्हणून हात साबणानें स्वच्छ धुऊन, तोंडावर मुखपट्टी बांधून, शिकविल्याप्रमाणें ठराविक दिवशीं तेथील पट्टी बदलतात. लाली, ठणका, पू किंवा ताप दिसला तर घरगुती लेप न लावतां लगेच रुग्णालयास कळवावें. वायरीस झटका बसूं नये म्हणून ती पोटास पट्ट्यानें बांधून ठेवतात. तरी ती दाराच्या कडींत अडकते, किंवा लहान मूल अंगावर उडी मारतें. नदींत किंवा तलावांत पोहणें कायमचें बंद. जखम भरून डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर पेटी व बॅटऱ्या जलाभेद्य पिशवींत घालून अंगावर पाणी घेतां येतें. तोंपर्यंत ओल्या फडक्यानें अंग पुसून भागवावें लागतें. मोठ्या चुंबकाच्या साह्यानें शरीराचें चित्र काढणाऱ्या एम. आर. आय. यंत्रांत अशा रोग्यास नेणें वर्ज्य आहे.

तिसरा विचार रक्ताचा, आणि हा फार नाजूक. परक्या वस्तूस लागून रक्त गोठूं पाहतें. गोठलेली गुठळी मेंदूंत गेली तर अर्धांग. म्हणून वॉरफरिन नांवाचें रक्त पातळ ठेवणारें औषध रोज घ्यावें लागतें. पण तें अधिक झालें तर रक्तस्राव होतो. शिवाय वेगानें फिरणाऱ्या पंपांतून जातांना रक्त गोठविणारा एक घटक तुटतो, त्यामुळें आंतड्यांतून रक्त जाण्याची भीति या रोग्यांस अधिकच. आय. एन. आर. नांवाच्या तपासणीचा आंकडा बहुधा २ आणि ३ यांच्या दरम्यान ठेवतात. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांनीं या औषधाचा जोर कमी होतो. त्या सोडाव्या असें नाहीं, पण एक आठवडा रोज आणि पुढें महिनाभर मुळींच नाहीं, असें करूं नये. शौचास काळें झाल्यास किंवा नाकांतून रक्त थांबत नसल्यास वाट पाहत बसूं नये. डोकें दुखतें म्हणून दुकानांतून वाटेल ती गोळी आणून देण्याची आपल्याकडील संवय येथें घातक ठरेल. ॲस्पिरिनही या रोग्यांस आवश्यक, असें पुष्कळ वर्षें मानीत असत; परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कसोशीच्या प्रयोगांत, हार्टमेट तीन बसविलेल्यांस ती न दिल्यानें गुठळ्या वाढल्या नाहींत, उलट रक्तस्राव कमी झाला, असें दिसून आलें. इतकीं वर्षें दिलेली गोळी काढून पाहण्याचें धैर्य आम्हांस विशेष वाटतें.

रक्ताचा दाब मोजण्याचीही येथें अडचण. ठोकेच नाहींत, तेव्हां घरोघरीं असलेलीं आपोआप दाब मोजणारीं यंत्रें पुष्कळदां चुकतात, आणि बोटास लावावयाचा प्राणवायुमापकही फसतो. डॉक्टर डॉप्लर नांवाच्या उपकरणानें रोहिणींतील रक्ताचा आवाज ऐकून दाब ठरवितात, आणि तो साधारणतः ९० मिलिमीटरांच्या आंत ठेवतात. दाब वाढला तर मेंदूस अपाय होतो आणि पंपांतून रक्तही कमी जातें. शरीरांतील पाणी कमी झालें तरी निराळेंच संकट: कप्पा पुरता भरत नाहीं, आणि पंप त्याची भिंतच आंत ओढूं लागतो. जुलाब झाले किंवा चैत्र-वैशाखांत घाम फार गेला, तर हें होऊं शकतें. उलट मीठ व पाणी जास्त झालें कीं सूज. म्हणून रोज सकाळीं वजन करावें, आणि पेटीवर दिसणारे पंपाच्या गतीचे, प्रवाहाचे व शक्तीचे आंकडे वहींत टिपावे. घरांतील शाळकरी मुलगा किंवा मुलगी हें वहीचें काम उत्तम करूं शकेल.

एक बोलावयास जड असा विषय राहिला. मनुष्य अत्यवस्थ झाला, त्याचीं इतर इंद्रियें निकामी झालीं, तरी पंप फिरतच राहतो. मग तो केव्हां थांबवावा, आणि हें कोणी ठरवावें? जाणते डॉक्टर पंप बसविण्यापूर्वीच रोग्याशीं व त्याच्या माणसांशीं हें बोलून ठेवतात. आमच्याकडे असें बोलणें अशुभ मानतात. परंतु रोग्यानें शुद्धीवर असतां आपली इच्छा सांगितली नाहीं, तर तो भार पुढें त्याच्या मुलांवर पडतो.

आतां प्रारंभीं सांगितलेल्या प्रसंगाकडे वळूं. कमरेस पेटी आणि खांद्यावर बॅटऱ्या असलेला मनुष्य बेशुद्ध पडलेला दिसल्यास प्रथम १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ‘याच्या हृदयास पंप आहे’ हें स्पष्ट सांगावें. नाडीवर विसंबूं नये. श्वास चालतो काय, ओंठांचा रंग कसा, अंग गरम कीं गार, हें पाहावें. छातीस कान लावल्यास चालू पंपाची बारीक गुणगुण ऐकूं येते. श्वास नीट चालत असून अंगास उष्णता असेल, तर छाती दाबूं नये. साखर कमी होणें किंवा अर्धांगाचा झटका यांसारखें दुसरें कारण असूं शकेल. परंतु श्वास नाहीं, अंग निळें-गार, तर एकानें छाती दाबण्यास आरंभ करावा, आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें पेटीकडे पाहावें: वायर निखळली आहे काय, बॅटऱ्या बसलेल्या आहेत काय. दाबल्यानें पंप सरकेल या भीतीनें पूर्वी डॉक्टरही कचरत. २०१७ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें, पंप बंद पडून रक्त फिरेनासें झालें असतां छाती दाबावी, असें सांगितलें. पेटीवर किंवा रोग्याच्या खिशांतील कार्डावर त्याच्या रुग्णालयाचा दूरध्वनि-क्रमांक लिहिलेला असतो; तेथें विचारावें. आणि रुग्णवाहिका निघतांना जादा बॅटऱ्यांची ती पिशवी व रोग्याचें घरचें माणूस हीं दोन्ही आंत बसलीं आहेत, हें पाहून घ्यावें. कारण रुग्णवाहिकेंत त्या बॅटऱ्या मिळत नाहींत, आणि पंपाची ओळख बहुधा घरच्या माणसासच अधिक असते.