मोडनिंबला वळण्याआधी

भाच्या, मिशीला कलप लावलास, लाव. फक्त उशीवर डाग पाडू नकोस. सूनबाईला पहिलं तिथंच कळतं. पण उसाचं बिल खात्यावर पडलं की तुझी गाडी मोडनिंबला वळते, हे तिच्याआधी मला कळलंय. म्हणून बोलतो.

कलाकेंद्रात जायचं तर जा. मीही गेलोय. संगीतबारीतल्या बाया रात्र-रात्र नाचून आईबाप, भाऊ, भाचरं पोसतात. त्यांना नावं ठेवणार असशील तर माझ्या ओसरीवर बसू नकोस. खिशात मोजके पैसे ने, ते फोनपे घरी ठेव. आमच्या वेळी नोटा संपल्या की माणूस उठायचा. आता नुसतं बोट टेकवलं की अर्धा एकर ऊस गेला. आणि एक फर्माईश झाली की ऊठ. दुसऱ्या दौलतजाद्यानंतर कुणी लावणी ऐकायला बसलेलं नसतं.

खरी गोम त्या फर्माईशीतच आहे. ती डोळ्यांत बघून विचारते, ‘मालक, काय ऐकणार?’ घरी वीस वर्षांत असं कुणी विचारलेलं नसतं. डीपी जळला, फी भरायची राहिली, मोटर चालू होईना, एवढंच कानावर. मला वाटलं होतं, बाईचा नाद लागला. नाद होता तो कुणीतरी विचारण्याचा. हे कळेपर्यंत एक बैलजोडी गेली.

‘मी तिला आधार देतोय’ असं म्हणालास ना परवा? 1972 साली ‘पिंजरा’ बघून आम्ही सगळे रडत घरी आलो, तेही मास्तरसाठी. तू त्यापेक्षा ‘कोल्हाट्याचं पोर’ वाच, 1994 सालचं. लिहिणारे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याकडच्या नेरल्याचे, डॉक्टर झालेले. किशोर शांताबाई काळे. बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव का आलं, ते वाच आणि मग आधाराचं बोल.

झोप येत नाही, चिडचिड होते म्हणतोस, तर आधी साखर तपासून ये. हसू नकोस, माझी निघाली होती.

आणि कांदा घेऊन बाजारला गेलो होतो, ही थाप मारू नकोस. भाव सूनबाई मोबाईलवर बघते.

मी शेवटी तुझ्या मामीलाच विचारलं, काय ऐकणार? तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आठ दिवसांनी, भाकरी थापता थापता, एक गाणं सांगितलं. कुठलं, ते तुला कशाला?