माहितीपुस्तिका वेगळी काढताना

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मूळ पॅकेजातच ठेवायची की तिचं वेगळं पॅकेज करायचं, हा प्रश्न नुसता एमबीचा नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे संगणक सांभाळताना मी याच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

एका कारखान्यात माल आणि लेबलछपाईच्या प्रोग्रामसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतल्या पुस्तिका येत. त्यातल्या चित्रांमुळे त्या प्रोग्रामपेक्षाही जड. छोटी दुरुस्ती आली तरी सगळं बाड मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायचं. तक्रारी वाढल्यावर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पुस्तिका वेगळ्या केल्या. अपडेट झटपट होऊ लागले, पण एरर कोडचा तक्ताही पुस्तिकेबरोबर बाहेर गेला. एका संध्याकाळी टॉवेलचे गठ्ठे बांधून तयार, गाडी दारात आणि लेबल प्रिंटर ठप्प. पडद्यावर ‘एरर ७, पुस्तिका पाहा’. पुस्तिका मशीनवर नाही, नेट बंद. दिवाणजींचा फोन आला, “सर, हे सात म्हणजे काय ओ?” रिबन संपली होती, एवढंच. तेवढ्यासाठी गाडी खोळंबली.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी सांगतो : आकार नंतर बघा, आधी वाचणारा कधी वाचणार ते बघा. काम अडल्यावर जे लागतं ते प्रोग्रामसोबतच हवं. एरर कोड, छोटी मदत, पहिल्यांदा चालू करायच्या पायऱ्या ही सगळी पानं त्यातली. जे निवांत बसून वाचायचं, म्हणजे सविस्तर पाठ, चित्रं, प्रोग्रामरसाठीचे संदर्भ, ते खुशाल वेगळं काढा.

डेबियन या लिनक्स प्रणालीची रीतही अशीच आहे. पुष्कळशी कागदपत्रं अनेकांना लागणार नसतील, तर त्यांचं वेगळं ‘डॉक’ पॅकेज करावं. मॅन पेज, म्हणजे प्रोग्रामची छोटी मदत, मात्र प्रोग्रामसोबत किंवा तो ज्यावर अवलंबून आहे अशा पॅकेजात असावं. परवान्याची फाइल तर प्रत्येक पॅकेजात लागतेच. वेगळेपणाचा आणखी एक फायदा : प्रोग्राम प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा बांधावा लागतो, पुस्तिका सगळ्यांना एकच चालते. त्यामुळे सर्व्हरवर तिच्या प्रती साठत नाहीत.

वेगळी काढायचं ठरलंच, तर एवढं पाळा. पुस्तिकेतली एखादी फाइल प्रोग्राम चालताना उघडत असेल, तर ती पुस्तिका नाही, प्रोग्रामचाच भाग आहे. तिला हलवू नका. मूळ पॅकेजात नवं पॅकेज ‘रेकमेंड्स’मध्ये नोंदवायचं की ‘सजेस्ट्स’मध्ये, ते विचार करून ठरवा : नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिलं आपोआप येतं, दुसरं मागितल्याशिवाय येत नाही. दोन्हींची आवृत्ती जुळती ठेवा. नव्या प्रोग्रामला जुनी पुस्तिका म्हणजे चुकीचं बटण दाबायचं आमंत्रण. आणि पुस्तिका दोन-चार पानांचीच असेल, तर हा उपद्व्याप करूच नका. एक पॅकेज वाढलं की सांभाळणाऱ्याचं कामही वाढतं.

शेवटी पाठवण्याआधी एक चाचणी कराच. कोऱ्या मशीनवर फक्त मूळ पॅकेज टाका, नेटची वायर काढा आणि मुद्दाम एक चूक घडवा. कुणालाही फोन न करता ती निस्तरता आली, तर वाटणी बरोबर झाली म्हणायची.