जुन्या मोटारीचे इंजिन बदलताना : भांडवली प्रतिस्थापनाचा एक अभ्यास

कोणतेही यंत्र जुने झाले की मालकापुढे तीन मार्ग असतात : आहे तेच दुरुस्त करणे, झिजलेला मुख्य भाग बदलणे किंवा संपूर्ण यंत्र मोडीत काढून नवे घेणे. अर्थशास्त्रात या निर्णयाला भांडवली प्रतिस्थापनाचा निर्णय म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात घसारा, भांडवलनिर्मिती, संधी खर्च, बाह्य परिणाम या संकल्पना वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्या एकाच वेळी समोर उभ्या राहतात. छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीतील एखाद्या कुटुंबाच्या जुन्या छोट्या मोटारीचे इंजिन निकामी होणे हा असाच एक प्रसंग होय. त्या आधारे या संकल्पनांचा येथे विचार केला आहे.

पोलाद कारखान्याचा धडा

भिलाईचा पोलाद प्रकल्प २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. गेल्या सहा-सात दशकांत या कारखान्याने प्रतिस्थापनाचे तिन्ही मार्ग अनुसरले आहेत.

झोतभट्टीच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर काही वर्षांनी झिजते. तेव्हा भट्टी बंद ठेवून अस्तर नव्याने बसविले जाते; बाहेरचे पोलादी कवच तेच राहते. ही झाली मोठी दुरुस्ती. दुसरा मार्ग तंत्र बदलण्याचा. सुरुवातीला भिलाईत पोलाद उघड्या चुलीच्या भट्टीत तयार होई व एका घाण्याला कित्येक तास लागत. ४० लाख टनांच्या विस्तारात ऑक्सिजन परिवर्तक आले आणि हा वेळ पाऊण तासाच्या आसपास आला. पण केवळ परिवर्तक आणून भागले नाही. त्याला पुरेसा ऑक्सिजन पुरविणारा संयंत्र आणि वेगाने येणारे पोलाद सामावून घेणारी अखंड ओतकामाची यंत्रणाही उभारावी लागली. तिसरा मार्ग संपूर्ण नव्या उभारणीचा. ४,०६० घनमीटर आकारमानाची ‘महामाया’ ही आठवी झोतभट्टी फेब्रुवारी २०१८ मध्ये पेटविण्यात आली आणि १४ जून २०१८ रोजी विस्तारित कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

यातून निघणारा निष्कर्ष असा की यंत्राचा मुख्य भाग एकटा काम करीत नाही. त्याची उत्पादकता भोवतालच्या पूरक भांडवलावर अवलंबून असते. मोटारीच्या बाबतीतही हेच खरे आहे.

इंजिन कोणते निवडावे?

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली अशी प्रत्येक मोटार किमान दहा वर्षांची आहे. तिचे ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन निळा धूर सोडू लागले, ऑइल पिऊ लागले किंवा चढावर दम टाकू लागले, की मालकापुढे चार पर्याय येतात.

पहिला, तेच इंजिन बांधून घेणे. यात सिलिंडरला नवे बोअरिंग करतात, रिंग-पिस्टन बदलतात व हेडची दुरुस्ती करतात. दुसरा, त्याच प्रकारचे वापरलेले इंजिन बसविणे. तिसरा, अधिक क्षमतेचे इंजिन घालणे. उदाहरणार्थ, झेन मोटारीचे ९९३ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन. चौथा, मोटार मोडीत काढणे.

दुसरा पर्याय वाटतो तितका सरळ नाही. ओम्नी व्हॅनमध्येही ७९६ घनसेंटिमीटरचेच इंजिन असे. परंतु ओम्नीत ते पुढच्या आसनांखाली उभे बसविलेले असून मागची चाके फिरविते. ८०० मध्ये ते पुढे, आडवे असून पुढची चाके फिरविते. त्यामुळे एका घराण्याचे इंजिन असले तरी फाउंडेशन, गिअरबॉक्सची जोडणी व नळ्या यांत फरक पडतो. तसेच कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीत इंधन-अंतःक्षेपणाचे इंजिन बसवायचे, तर त्यासोबत नियंत्रक संगणक, संवेदक, वायरिंग, अधिक दाबाचा इंधनपंप आणि उत्प्रेरक परिवर्तकही आणावा लागतो.

तिसऱ्या पर्यायात ही पूरकतेची अट आणखी कडक होते. ८०० चे वजन सुमारे ६५० किलो आणि चाके १२ इंची. तिची ब्रेकव्यवस्था, निलंबन, क्लच व रेडिएटर हे सर्व लहान इंजिनाच्या हिशेबाने आखलेले आहे. शक्ती वाढविली आणि थांबण्याची क्षमता तीच ठेवली, तर वाढते ते केवळ धोक्याचे प्रमाण.

वार्षिक खर्चाचा हिशेब

पर्यायांची तुलना एकरकमी खर्चावर न करता मिळणाऱ्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागील खर्चावर करावी, हा प्रतिस्थापनाचा मूलभूत नियम आहे. केवळ समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. मोटारीचा सांगाडा आणखी चार वर्षे टिकेल. इंजिन बांधून घेण्यास ३०,००० रुपये लागतील व ते चार वर्षे चालेल. त्याच प्रकारचे वापरलेले इंजिन बसविणावळीसह २४,००० रुपयांना पडेल. मोठे इंजिन पूरक भागांसह ७०,००० रुपयांना पडेल आणि ते स्वतः आठ वर्षे चालू शकेल.

व्याज वगळता, बांधून घेतलेल्या इंजिनाचा वार्षिक खर्च ७,५०० रुपये येतो. मोठ्या इंजिनाचा खर्च ७०,००० भागिले ८, म्हणजे ८,७५० रुपये, असा मांडण्याचा मोह होतो. पण तो चुकीचा आहे. सांगाडा चार वर्षांतच निकामी होणार असल्याने भाजक चारच धरला पाहिजे आणि खर्च १७,५०० रुपये होतो. इंजिनाचे उपयुक्त आयुष्य हे त्याच्या स्वतःच्या आयुष्याने ठरत नाही. ते ज्या सांगाड्यात बसते त्याच्या उरलेल्या आयुष्याने ठरते. संपूर्ण विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

इंधनबचतीचा हिशेबही वापरावर अवलंबून असतो. इंजिन सुधारल्याने मोटार लिटरला १२ ऐवजी १६ किलोमीटर धावू लागली आणि पेट्रोलचा दर १०० रुपये धरला, तर वर्षाला ३,००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीची बचत ६,२५० रुपये होते. १०,००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीची सुमारे २०,८०० रुपये. सेक्टरमधून बाजारात आणि तेथून परत एवढाच प्रवास करणाऱ्या कुटुंबाला आणि रोज रायपूरला जाणाऱ्या व्यावसायिकाला एकच सल्ला लागू पडत नाही, तो यामुळेच.

येथे आणखी एका चुकीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘मागच्याच वर्षी नवे टायर आणि बॅटरी घातली, आता मोटार कशी सोडायची?’ असा विचार अनेक जण करतात. तो खर्च आता परत येणार नाही. तो बुडीत खर्च आहे. टायरचे आज विक्रीत किती येतील एवढेच हिशेबात घ्यावे. उलट, बँकेत राहिले असते तर ३०,००० रुपयांवर मिळाले असते ते व्याज हा संधी खर्च असून तो मात्र मोजला पाहिजे.

वापरलेल्या इंजिनाचा बाजार

मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीतील मायापुरी येथील जुन्या सुट्या भागांचे बाजार प्रसिद्ध आहेत. अशा बाजारातील इंजिन किती किलोमीटर चालले, पाण्यात बुडाले होते की अपघातातून आले, हे विक्रेत्याला ठाऊक असते किंवा असू शकते, ग्राहकाला नसते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन असममित माहितीचा सिद्धांत मांडला. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ग्राहक सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या मालाचे मालक बाजारातून बाहेर पडतात आणि मागे वाईट माल उरतो, असा त्याचा आशय आहे.

हीच अनिश्चितता वरील हिशेबात घालून पाहता येते. २४,००० रुपयांचे वापरलेले इंजिन चार वर्षे टिकले तर वार्षिक खर्च ६,००० रुपये येतो. एकाच वर्षात बंद पडले तर २४,००० रुपये. बांधून घेतलेल्या इंजिनाच्या ७,५०० रुपयांशी बरोबरी होण्यासाठी त्याचे सरासरी आयुष्य ३.२ वर्षे असावे लागते. म्हणजेच अशा चार इंजिनांपैकी जवळजवळ तीन टिकली पाहिजेत. खरेदीपूर्वी प्रत्येक सिलिंडरमधील दाब तपासणे, लेखी हमी घेणे आणि विक्रेत्याची ख्याती पाहणे हे माहितीतील ही दरी कमी करण्याचे उपाय होत. घरच्या इंजिनाचा इतिहास मालकाला माहीत असतो, हे पहिल्या पर्यायाचे मोल आकड्यांत दिसत नसले तरी खरे आहे.

भिलाईसारख्या औद्योगिक शहरात दुरुस्तीच्या बाजूने आणखी एक घटक आहे. पोलाद प्रकल्पाभोवती वाढलेल्या लहान कारखान्यांमुळे धातुकामाचे कौशल्य गावातच मिळते. दुरुस्ती श्रमप्रधान असते, तर नव्या वस्तूचे उत्पादन भांडवलप्रधान. जेथे कुशल श्रम तुलनेने स्वस्त, तेथे यंत्राचे किफायतशीर आयुष्य लांबते आणि त्यातून स्थानिक रोजगारही टिकतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही तरतूद ठामपणे अधोरेखित केली. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर वाहन चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यास कायद्यात विहित अटींवर मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात व विम्याच्या कागदपत्रांत लिहिलेला असतो. म्हणून त्याच प्रकारचे इंजिन बसविले तरी परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नवा क्रमांक नोंदवावा लागतो. भिलाईसाठी हे कार्यालय दुर्ग येथे आहे. खरेदीची पावती जपून ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा चोरीच्या मालाचा संशय आणि अपघातानंतर विम्याचा वाद, दोन्ही ओढवू शकतात.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. हा खर्चही वरील तुलनेत धरला पाहिजे.

बाह्य परिणाम आणि राष्ट्रीय हिशेब

कुटुंबाच्या हिशेबात धुराची किंमत येत नाही. ती शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर पडते. हा ऋण बाह्य परिणाम होय. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात छत्तीसगडमधील रायपूर व कोरबा यांच्यासह भिलाईचाही समावेश आहे. देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. जुन्या इंजिनाचे जुन्या इंजिनाने प्रतिस्थापन केल्यास हे अंतर भरून निघत नाही. वाहन मोडीत काढण्याचे २०२१ चे धोरण या सामाजिक खर्चाला उत्तर देऊ पाहते. नोंदणीकृत केंद्रात जुने वाहन जमा केल्यास प्रमाणपत्र मिळते आणि त्या आधारे नव्या खाजगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. मोडीतून मिळणारे पोलाद वाया जात नाही. भंगार हा पोलादनिर्मितीचा एक कच्चा माल आहे.

परीक्षार्थींनी एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा. कुटुंबाने घेतलेली मोटार राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात टिकाऊ उपभोग्य वस्तू असून तिच्यावरील खर्च खाजगी अंतिम उपभोग खर्चात जातो. तीच मोटार टॅक्सी म्हणून चालविली, तर ती स्थिर भांडवलनिर्मितीत मोडते. वापरलेल्या इंजिनाची किंमत चालू वर्षाच्या देशांतर्गत उत्पादनात पुन्हा मोजली जात नाही. विक्रेत्याचा नफा व कारागिराची सेवा मात्र मोजली जाते.

समारोप

प्रतिस्थापनाचा योग्य निर्णय सर्वांत शक्तिशाली इंजिन शोधून होत नाही. उरलेले आयुष्य, प्रत्यक्ष वापर, पूरक भागांची क्षमता, माहितीची खात्री आणि कायद्याची संमती या पाच कसोट्यांना जे उतरेल तेच योग्य इंजिन. सांगाडा भक्कम आणि वापर थोडा असेल, तर स्वतःचेच इंजिन बांधून घेणे बहुधा किफायतशीर ठरते. सांगाडाच गंजला असेल, तर कोणतेही इंजिन महागच पडते. कुटुंबाची मोटार असो वा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना, मर्यादित साधनसंपत्तीचा सुयोग्य विनियोग हीच अर्थशास्त्राची मूळ शिकवण दोन्हीकडे लागू पडते.

सरावासाठी प्रश्न

१. बुडीत खर्च व संधी खर्च यांतील फरक जुन्या मोटारीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पूरक भांडवलाची संकल्पना भिलाई पोलाद प्रकल्पातील तंत्रबदलाच्या संदर्भात विशद करा.
३. असममित माहितीमुळे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारावर कोणते परिणाम होतात? उपाय सुचवा.
४. वाहन मोडीत काढण्याचे धोरण हे बाह्य परिणामांवरील उपाय आहे, या विधानाचे परीक्षण करा.